पश्चिमेकडची भिंत : रायगड जिल्हा परिषदेस एक अनावृत पत्र

माननीय मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, रायगड,
मुक्काम अलिबाग, यांच्या सेवेशी



मी रेवदंड्याजवळच्या एका वाडीत राहणारा निवृत्त शिक्षक आहे. स्थापत्यशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही, ठेकेदारीच्या व्यवहाराशी माझा कसलाही संबंध नाही, आणि कोणाविरुद्ध तक्रार गुदरावी असाही माझा हेतू नाही. परंतु गेली बारा वर्षे स्वतःच्या घराच्या एका भिंतीशी झुंजताना, आणि त्या निमित्ताने गवंड्यांशी, वीटभट्टीवाल्यांशी व जुन्या घरांच्या मालकांशी बोलताना जे काही पदरी पडले ते आपल्या दप्तरी रुजू व्हावे आणि घरकुलांची अंदाजपत्रके करताना त्याचा विचार व्हावा, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच. माझे म्हणणे थोडक्यात असे की, आपल्या किनाऱ्यावर घराच्या चार भिंती सारख्या नसतात. नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येणारा पाऊस जिच्यावर आदळतो ती भिंत निराळी आहे, आणि जोवर तिचा हिशेब निराळा धरला जात नाही तोवर सरकारी अनुदानातून उभे राहिलेले पक्के घर पावसाळ्यात राहण्याजोगे होणार नाही.

आधी माझ्या घराची हकीकत सांगतो. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून मी दोन खोल्या वाढवल्या. त्यांतली एक समुद्राच्या बाजूची. भिंत साडेचार इंची, आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा, वर रंग. दिसायला घर देखणे झाले होते. तिसऱ्या पावसाळ्यात, आषाढाच्या मध्यावर, त्या खोलीच्या भिंतीवर ओलीचे डाग नकाशासारखे उमटू लागले, मग गिलाव्याला फोड आले, आणि गणपतीच्या सुमारास भिंतीला टेकवून ठेवलेली वडिलांची जुनी ट्रंक उघडली तेव्हा तिच्या तळाला असलेली त्यांची पत्रे एकमेकांना अशी चिकटली होती की ती सोडवताना अक्षरे हाताला लागून आली. पुढची चार वर्षे मी भिंतीला बाहेरून जलरोधक म्हणून विकले जाणारे रंग देत राहिलो. प्रत्येक रंग एक पावसाळा टिकला. अखेर एका दसऱ्यानंतर चौलचे एक वयोवृद्ध गवंडी आले. त्यांनी रंगाच्या डब्यांकडे पाहिलेसुद्धा नाही, छिन्नीने हातभर गिलावा काढला, विटा उघड्या केल्या, दोन विटांमधल्या उभ्या सांध्याच्या तोंडाशी असलेला मसाल्याचा पापुद्रा टोकाने उडवला आणि म्हणाले, “गुरुजी, बोट घाला.” माझे मधले बोट मुळापर्यंत आत गेले. त्या सांध्यात मसाला नव्हताच. बाहेरून तोंड लिंपले होते, आतून गिलावा होता, आणि मध्ये पोकळी होती. त्यांनी त्यानंतर नऊ थर तपासले. आडव्या सांध्यांत मसाला होता, कारण त्यावाचून वीट बसतच नाही. उभ्या सांध्यांपैकी निम्म्याहून अधिक रिकामे होते.

त्या दिवसापासून विटेच्या भिंतीचे शास्त्र मी जमेल तेवढे समजून घेतले. भाजलेल्या विटेत सूक्ष्म छिद्रांचे जाळे असते आणि वातीत तेल चढावे तसे पाणी त्यातून सरकत जाते. नऊ इंची भरीव भिंतीचे सारे तत्त्व हेच की, सर पडत असताना तिने बाहेरचे पाणी काही अंतरापर्यंत शोषून घ्यावे आणि उघडीप मिळताच ते वाऱ्याला परत करावे. देशावर हा व्यवहार सुरळीत चालतो, कारण तेथे सर थांबते. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि आषाढात तर आठ आठ दिवस ऊन दिसत नाही. त्यामुळे भिंतीला घेतलेले पाणी परत करण्याची फुरसतच मिळत नाही. साडेचार इंची भिंतीची गोष्ट याहून वाईट, कारण तिथे प्रत्येक सांधा बाहेरून आत आरपार गेलेला असतो आणि त्याच्या मागे दुसरी वीट आडवी आलेली नसते.

परंतु विटेच्या अंगातून झिरपणाऱ्या पाण्यापेक्षा वीट आणि मसाला यांच्यामधल्या केसाएवढ्या भेगेतून शिरणारे पाणी कितीतरी अधिक असते, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. कोरडी वीट मसाल्यावर ठेवली की ती मसाल्यातले पाणी तत्काळ ओढून घेते, सिमेंट जुळण्यापूर्वीच मसाला कोरडा पडतो आणि दोघांची गाठ बसत नाही. म्हणूनच विटा आधी पाण्याच्या हौदात, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, भिजवायच्या असतात. वरून पाइपाने शिंपडून भागत नाही. त्या गवंड्यांनी मला एक साधी परीक्षा दाखवली. नुकतीच बसवलेली वीट थोड्या वेळाने उचलून पाहावी. तिच्या पोटाला आणि खालच्या थराला, दोन्हीकडे मसाला चिकटून आलेला असेल तर काम ठीक. वीट स्वच्छ कोरडी उचलली गेली तर तो सांधा आजच फुटला आहे असे समजावे, मग तो वरून कितीही सफाईने घासलेला असो. विटेवर नावाची जी खाच असते ती वरच्या बाजूस ठेवण्याचे कारणही तेच, की मसाला तिच्यात भरून बसावा. खाच खाली गेली तर प्रत्येक विटेखाली एक रिकामा कप्पा तयार होतो.

आपल्या जुन्या घरांना हे दुखणे एवढे का नव्हते, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. चौल, नागाव, मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर या गावांत अजून जी थोडी जुनी घरे उरली आहेत ती मी या दृष्टीने मुद्दाम हिंडून पाहिली. जोते काळ्या दगडाचे, दक्षिणेकडे सरकत गेले की जांभ्याच्या चिऱ्याचे. त्यावर हात-दीड हात रुंदीची भिंत. आणि कौलारू पाखे इतके खाली उतरलेले की वळचणीला उभे राहताना उंच माणसाने मान लववावी. पश्चिमेला पडवी, आणि पावसाळ्यापूर्वी त्या पडवीच्या उघड्या अंगालाही माडाच्या झावळ्यांची विणलेली झापे बांधण्याची वहिवाट. म्हणजे ज्या भिंतीला आपण घराची बाहेरची भिंत म्हणतो तिच्यावर पावसाची झड बहुधा पोहोचतच नसे. पाऊस अंगावर घेण्याचे काम छप्पर करी, पडवी करी, झापे करीत, आणि भिंत मागे कोरडी राहून घर तोलून धरी. स्लॅबाचे घर आले तेव्हा पाखे गेले, पडवी गेली, आणि त्याच सुमारास भिंत मात्र दीड हातावरून साडेचार इंचांवर आली. शेतात लावणीला उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरचे इरले काढून घ्यावे आणि अंगावरची घोंगडीही फाडून पाव करावी, तसे हे झाले. लोकांना यात मी दोष देत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आले, तेव्हा कौले आणि पत्रे कसे उडाले हे ज्यांनी पाहिले आहे, ज्यांच्या माडा-सुपारीच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या, त्यांनी पुन्हा घर बांधताना स्लॅबाचा हट्ट धरावा हे अगदी स्वाभाविक आहे. स्लॅब राहू द्यावा. फक्त त्याला पश्चिमेच्या बाजूस दोन फूट पुढे काढावे, आणि त्याच्या खालच्या कडेला बोटभर रुंदीची एक खाच ठेवावी, म्हणजे पाणी स्लॅबाच्या पोटाला धरून भिंतीकडे न सरकता त्या खाचेशीच थेंब होऊन खाली पडेल. ही खाच ठेवायला साच्यात एक लाकडी पट्टी ठोकण्यापलीकडे खर्च नाही, आणि तरीही मी पाहिलेल्या नव्या घरांपैकी फारच थोड्या घरांना ती आहे.

आता विटेविषयी. पेण, कर्जत, रोहा या भागांतल्या भट्ट्यांवरून आपल्याकडे वीट येते, आणि ती थापणारे हात बहुतांशी कातकरी कुटुंबांचे असतात. दिवाळीनंतर उचल घेऊन ही कुटुंबे मुलाबाळांसह भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर आपल्या वाडीवर परततात. मधल्या महिन्यांत मुलांची शाळा सुटते, हे मी शिक्षक म्हणून वर्षानुवर्षे हजेरीपटावर पाहिले आहे. या समाजासाठी १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनमन योजनेतून घरासाठी दोन लाख रुपयांचे साहाय्य मिळते, ही अत्यंत योग्य गोष्ट झाली. परंतु कारवीच्या कुडाची, शेणामातीने सारवलेली जी भिंत त्यांच्या जुन्या झोपडीला होती ती निदान उघडीप मिळताच सुकत असे आणि दरवर्षी नव्याने सारवली जात असे. तिच्या जागी ओली राहणारी आणि कधीच न सुकणारी सिमेंटची भिंत आली, तर ज्यांनी आयुष्यभर विटा थापल्या त्यांच्या मुलांना आपण खोकला आणि दमा बांधून दिला असे होईल. हे लिहिताना माझे मन फार जड होते.

भट्टीत एकसारखा ताव लागत नाही. आतल्या विटा पक्क्या भाजतात, कडेच्या कच्च्या राहतात, आणि ट्रक भरताना दोन्ही एकत्र येतात. भारतीय मानकानुसार नेहमीच्या वापराच्या विटेने चोवीस तास पाण्यात ठेवल्यावर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांहून अधिक पाणी पिऊ नये. मी एका नव्या घरकुलाशेजारच्या ढिगातून मालकाच्या परवानगीने दोन विटा आणल्या, चैत्रातल्या उन्हात आठ दिवस वाळवल्या, आणि वाण्याच्या काट्यावर तोलल्या. पहिली तीन किलो भरली. रात्रंदिवस बादलीत बुडवून, फडक्याने पुसून पुन्हा तोलली तेव्हा ती तीन किलो सातशे ग्रॅम झाली होती. दुसरी दोन किलो नऊशेची, ती तीन किलो साडेतीनशेवर थांबली. म्हणजे एकाच ढिगातली एक वीट सुमारे तेवीस टक्के पाणी पिणारी, आणि दुसरी पंधरा-सोळा टक्क्यांवर भागवणारी. दुसरी दगडावर वाजवली तर खणखणीत बोलत होती. पहिलीचा आवाज बद्द होता. पहिल्या जातीच्या विटा आतल्या आडभिंतींना लावाव्यात, दुसऱ्या जातीच्या पश्चिमेला. ही निवड करायला प्रयोगशाळा लागत नाही. एक बादली, एक काटा आणि एक दिवस पुरतो.

मिठाचा प्रश्न आपल्या किनाऱ्याला विशेष आहे. खाडीची रेती न धुता वापरली, किंवा विहिरीचे पाणी मचूळ असूनही त्यातच मसाला कालवला, तर ते मीठ भिंतीत कायमचे वस्तीला येते. भिंत ओली झाली की ते विरघळते, ती सुकू लागली की पाण्याबरोबर बाहेरच्या अंगाकडे येते, आणि पाणी उडून गेल्यावर विटेच्या कातडीखालीच त्याचे स्फटिक बनतात. ते स्फटिक जागा मागतात, आणि वीट भुसभुशीत होऊन पापुद्र्यापापुद्र्याने गळू लागते. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. अशा भिंतीवर सिमेंटचा जाड, कडक गिलावा चढवणे हा तिच्यावर उपचार नव्हे. कडक गिलाव्याला बारीक तडे जातात, तड्यांतून पाणी आत जाते, आणि परत यायला त्याला वाट उरत नाही. जुन्या चुन्याच्या गिलाव्यात हा गुण होता की तो मऊ असे, भिंतीबरोबर थोडा हले, ओल बाहेर जाऊ देई आणि स्वतः झिजून विटेला वाचवी. आज निव्वळ चुन्याचे काम करणारे हात थोडे राहिले आहेत, हे मी जाणतो. परंतु एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग रेती असा मिश्र मसाला भारतीय मानकांना संमत आहे, आणि बाहेरच्या गिलाव्यासाठी त्याची तजवीज अंदाजपत्रकात करता येण्यासारखी आहे.

जोत्यावरच्या ओलरोधक थराबद्दल, ज्याला सारे डीपीसी म्हणतात, मी थोडेच लिहितो, कारण तो बहुतेक अंदाजपत्रकांत असतो. तो भिंतीच्या पूर्ण रुंदीत असावा, बाहेरच्या जमिनीपासून निदान वीतभर वर असावा, आणि पुढे दोन-चार वर्षांनी अंगणात भरणी करताना तो मातीखाली गाडला जाऊ नये, एवढे घरमालकाला कोणीतरी समजावून सांगितले पाहिजे.

आपल्या कार्यालयाच्या गच्चीवरून कदाचित दिसतही असेल तो कुलाबा किल्ला या विषयात मला नेहमी आठवतो. ज्याच्या नावाने हा जिल्हा १ जानेवारी १९८१ पर्यंत ओळखला जाई, त्या किल्ल्याची समुद्राकडची तटबंदी मोठमोठे चिरे चुन्याशिवाय नुसते एकमेकांवर रचून उभी केलेली आहे. लाटेचे पाणी फटींतून आत शिरते, तिचा जोर मोडतो, आणि पाणी जसे आले तसे निघून जाते, असे तिचे मर्म सांगितले जाते. १६८० च्या सुमारास हे काम करणाऱ्यांनी समुद्राला अडवण्याऐवजी त्याला वाट दिली. इंग्लंडच्या पावसाळी किनाऱ्यांवर एकोणिसाव्या शतकात दुहेरी भिंतीची जी पद्धत रुळू लागली तिचे तत्त्वही याच जातीचे आहे. तिथे बाहेर साडेचार इंची एक भिंत, मग दोन इंचांची पोकळी, मग आत दुसरी भिंत, आणि दोघींना मधूनमधून धातूच्या पट्ट्यांनी बांधलेले. बाहेरची भिंत भिजणार हे गृहीतच धरलेले असते. तिच्यातून आलेले पाणी पोकळीत ओघळून तळाशी ठेवलेल्या छिद्रांतून बाहेर पडते आणि आतल्या भिंतीला स्पर्शही करीत नाही. फक्त बांधताना मसाल्याचे गोळे पोकळीत पडू द्यायचे नाहीत, कारण एक गोळासुद्धा पाण्याला पूल होतो. आणि पट्ट्या आपल्या खाऱ्या हवेत न गंजणाऱ्या पोलादाच्या असल्या पाहिजेत. ही पद्धत घरकुलाच्या खर्चात बसेल असे मी म्हणत नाही. परंतु जिल्हा परिषद स्वतः ज्या शाळा आणि आरोग्य उपकेंद्रे बांधते, त्यांच्या समुद्राकडच्या भिंतींसाठी ती अवश्य करून पाहावी. पावसाळ्यात भिंतीवरच्या फळ्यावर खडू न उमटणारा वर्ग मी अनेक वर्षे चालवला आहे.

केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी रूढ केलेली उभ्या विटांची पोकळ रचना, जिला रॅट-ट्रॅप बाँड म्हणतात आणि जिच्यात सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात, तीही मला कोणी कोणी सुचवली. तिच्याविषयी मला आदर आहे. पण तिच्यात काही विटा बाहेरून आत आरपार गेलेल्या असतात आणि बेकरांच्या घरांना पुढे आलेली छपरे असत, हे विसरून चालणार नाही. आपल्या भट्ट्यांची कमी-अधिक भाजलेली, आकाराने वेडीवाकडी वीट घेऊन ती रचना उत्तरेला किंवा पूर्वेला करावी. पश्चिमेला नको.

घरकुलाच्या पश्चिमेच्या भिंतीसाठी मी मागतो ते एवढेच. ती नऊ इंची भरीव असावी, एक थर लांबीने आणि एक थर आडवा अशा इंग्लिश बाँडमध्ये, उभे सांधे व मधला सांधा पूर्ण भरून. प्रधानमंत्री आवास योजनेत, म्हणजे २०१६ पासून ग्रामीण भागात चालू असलेल्या योजनेत, घराचे किमान क्षेत्र पंचवीस चौरस मीटर आहे. अशा घराची एक बाजू पाच मीटर लांब आणि तीन मीटर उंच धरली तर साडेचार इंचांची नऊ इंची करायला सुमारे आठशे विटा जास्त लागतील. एक लाख वीस हजारांच्या साहाय्यात गरीब कुटुंबाला हा जादा भारही सोसवत नाही, म्हणून तेवढ्या विटांची वेगळी तरतूद जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातून करावी, अशी माझी दरखास्त आहे. आणि हे जोते घालण्यापूर्वीच ठरले पाहिजे, कारण जोते एकदा अरुंद घातले की त्यावर रुंद भिंत चढत नाही.

दुसरे मागणे तपासणीचे आहे. हप्ता मिळण्यासाठी घराच्या प्रत्येक टप्प्याचे स्थाननोंदीसह छायाचित्र घ्यावे लागते. या व्यवस्थेने पुष्कळ गैरव्यवहार थांबला असेल. परंतु छायाचित्रात भिंत उभी दिसते, सांधा भरला आहे की नाही हे दिसत नाही. माझ्या भिंतीचे छायाचित्रही फार सुरेख आले असते. म्हणून खिडकीच्या पातळीपर्यंत काम आले असता आपल्या अभियंत्याने गिलाव्यापूर्वी एकदा जाग्यावर यावे, पश्चिमेच्या भिंतीचे कोणतेही चार उभे सांधे टोकाने उकरून पाहावे, एक ताजी वीट उचलून पाहावी, आणि तेवढा शेरा नोंदवहीत लिहावा. अर्ध्या तासाचे हे काम आहे.

बांधकामाच्या साहित्याची एवढी चिकित्सा सरकारी खात्याकडून होणार कशी, असे कोणी म्हणेल, तर त्यास उत्तर अलिबागेतच उभे आहे. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालणार आणि त्यामुळे मुंबईतल्याच कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा आपल्या गावी आणली गेली. आपल्या भागातला काळा दगड स्वतःच काहीसा चुंबकीय असल्याने तो टाळून पोरबंदरचा दगड आणवला गेला, आणि बांधकामात लोखंड वर्ज्य ठरवले गेले. एका नाजूक सुईला त्रास होऊ नये म्हणून भिंतीचा दगड एवढा पारखला गेला. घरकुलात झोपणारे तान्हे मूल त्या सुईपेक्षा कमी नाजूक नसते.

माझी भिंत आता दुरुस्त झाली आहे. त्या वृद्ध गवंड्यांनी बाहेरून चार इंचांचे दुसरे पाते निवडक विटांचे उभारले, सांधे माझ्यासमोर भरले, वर छज्जा दोन फूट काढला आणि चुना-सिमेंटचा गिलावा केला. तिच्यावरून दोन आषाढ गेले आणि आतले अंग कोरडे आहे. आपल्या खात्यातील कोणाही अभियंत्याने येऊन ती पाहावी. शेजारीच न दुरुस्त केलेला एक हातभर तुकडा मी दाखवण्यासाठी मुद्दाम उघडा ठेवला आहे. भट्ट्या दिवाळीनंतर पेटतात आणि विटांचे बयाणे त्याच्या आधी दिले जातात. त्यापूर्वी, शक्य तर नवरात्रातच, या बाबतचे परिपत्रक तालुक्यांच्या पंचायत समित्यांकडे रवाना झाले, तर येत्या हंगामात जोती घालणाऱ्या कुटुंबांना त्याचा उपयोग होईल.



आपला नम्र,
रेवदंडा परिसरातील एक निवृत्त शिक्षक